कौलावरचे साल आणि इमारतीचे साल

नमस्कार. आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आपले महाविद्यालय आहे. ते १९६० च्या दशकात सुरू झाले; परंतु त्याची ‘जुनी इमारत’, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची, कौलारू, पुढेमागे लांब पडव्या असलेली वास्तू, महाविद्यालयाच्या कितीतरी आधीपासून तेथे उभी आहे. गळती वाढली म्हणून काही कौले उतरवली, तेव्हा त्यांच्या खालच्या अंगाला बासेल मिशनचे नाव आणि १८६५ हे साल असलेला ठसा दिसला. तेव्हापासून ‘इमारत १८६५ सालची, इंग्रजांनी बांधलेली’ असे गावात बोलले जाऊ लागले. लोकमान्य टिळक येथे शिकले, अशीही एक आठवण सांगितली जाते. संस्थाचालक वर्धापनदिनाला तसा संगमरवरी फलक लावणार आहेत, आणि त्याच सुमारास कौले काढून पत्रे घालण्याचे काम निघणार आहे. १८६५ हे साल खरे मानावे का, आणि मानू नये तर खरे साल कसे शोधावे, असे आपण विचारले आहे.

कोकणातील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे आणि नोंदणीचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. आपल्या प्रश्नातील पहिल्या भागाचे उत्तर मला निःशंकपणे देता येते: कौलावरचे १८६५ हे साल आपल्या इमारतीचे नाही, आणि ते त्या कौलाचेही नाही. बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधील ख्रिस्ती संस्थेने १८६५ साली मंगळूर येथे यंत्रावर दाबून कौले पाडण्याचा कारखाना काढला आणि कारखान्याच्या स्थापनेचे ते वर्ष आपल्या कौलांवर उमटवण्याची पद्धत ठेवली. आल्बुकर्क यांच्या मंगळूरच्याच कारखान्याच्या कौलांवर १८६८ हे साल दिसते, त्याचाही अर्थ हाच आहे. ती खूण मालाच्या नावलौकिकाची आहे. कौल भट्टीतून कोणत्या वर्षी निघाले हे त्यावरून कळत नाही. कोकणात अशा ठशांवरून वय ठरवलेली घरे, देवळे आणि शाळा मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांपैकी काहींच्या दर्शनी भिंतीवर ते साल कायमचे कोरले गेले आहे.

म्हणून ते कौल निरुपयोगी आहे, असे मात्र नाही. ते आपल्याला एक मर्यादा देते: छपरावरचे हे आच्छादन १८६५ च्या आधीचे असू शकत नाही. दुसरी मर्यादाही जवळपास मिळते. पहिल्या महायुद्धाच्या काळात मिशनचे कारखाने शत्रूशी संबंधित मालमत्ता म्हणून सरकारने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. त्यामुळे मिशनच्या नावाचे कौल साधारणपणे त्या युद्धापूर्वीचे मानण्यास हरकत नसते. म्हणजे आपल्या हाती एक वर्ष आलेले नसून सुमारे अर्ध्या शतकाचा पट्टा आला आहे. आणि तोही कौलाचा आहे, भिंतीचा नाही. शिवाय कौल ही पुन्हा पुन्हा वापरली जाणारी वस्तू आहे. एखादे घर मोडले की त्याची साबूत कौले विकली जातात आणि दुसऱ्या छपरावर चढतात. ही गोष्ट कोकणात आजही सर्रास चालते.

आता मूळ अडचणीकडे येतो. ‘इमारत कधीची’ हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात निदान चार प्रश्न गुंतलेले असतात. जागा संस्थेकडे किंवा तिच्या पूर्वीच्या मालकाकडे केव्हा आली? त्या जागेवर पहिली भिंत केव्हा उभी राहिली? आज दिसते ते रूप, म्हणजे पडव्या, माळा, छप्पर, हे केव्हा आले? आणि तेथे शिक्षण केव्हा सुरू झाले? या चारही प्रश्नांचे उत्तर एकच साल असणे फार दुर्मीळ आहे. मुंबईतील एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे उदाहरण घ्या. काळा घोड्याजवळची त्याची प्रसिद्ध इमारत १८८८ ची आहे. महाविद्यालय मात्र त्याहून कितीतरी जुने, आणि त्यापूर्वी ते भायखळ्याला, राणीच्या बागेसमोर, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वेगळ्याच वास्तूत भरत होते. भायखळ्याची ती वास्तू पुढे रेल्वेच्या रुग्णालयाकडे गेली. म्हणजे आज त्या वास्तूत शिरणाऱ्या माणसाला ‘हे रुग्णालय कधीचे’ आणि ‘ही इमारत कधीची’ हे दोन प्रश्न वेगळे विचारावे लागतील. मुंबईसारख्या कागदपत्रांनी भरलेल्या शहरात असे घडत असेल, तर तालुक्याच्या गावी ते अधिकच घडणार.

आपल्या बाबतीत चौथ्या प्रश्नाला महत्त्व आहे, कारण त्याने शोधाची दिशाच बदलते. रत्नागिरीत महाविद्यालय सुरू झाले ते १९४५ साली. आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय ते हेच. त्याआधी मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचे तर मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा सांगली गाठावी लागे. अलिबाग, सावंतवाडी, चिपळूण येथे महाविद्यालये निघाली ती १९६० च्या दशकात. याचा सरळ अर्थ असा की आपली इमारत खरोखर शंभर वर्षांहून जुनी असेल, तर ती महाविद्यालयासाठी बांधलेली नाही. ती कोणासाठी बांधली गेली, हे आधी शोधले पाहिजे. सरकारी शाळा, मिशनची शाळा, मामलेदार कचेरी, मुन्सफाचे कोर्ट, लष्करी छावणीतील बंगला, मुंबईत व्यापार करणाऱ्या एखाद्या धनिकाचा वाडा, धर्मशाळा, यांपैकी काहीही शक्य आहे. आणि प्रत्येक शक्यतेचे कागद वेगवेगळ्या दप्तरात सापडतात. आपण ‘कॉलेजचा इतिहास’ म्हणून शोधत राहिलात तर १९६० च्या मागे काहीच हाती लागणार नाही, आणि मग रिकामी जागा दंतकथेने भरली जाते.

येथे परिस्थितीवर बरेच अवलंबून आहे, हे मान्य केले पाहिजे. गाव ब्रिटिश अमलाखालच्या जिल्ह्यात होते की सावंतवाडी किंवा जंजिऱ्यासारख्या संस्थानात, यावर सरकारी कागद कोठे असतील हे ठरते. आपले गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे म्हणता, म्हणून दप्तर बहुधा सलग असेल; पण जो वाचक सिंधुदुर्गातून हे वाचत असेल त्याने ध्यानात ठेवावे की तो जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे त्यापूर्वीचे पुष्कळसे कागद रत्नागिरीच्या नावाने शोधावे लागतात. रायगडचे जुने कागद ‘कुलाबा’ या नावाखाली असतात. संस्था विश्वस्त म्हणून जागेची मालक आहे की सरकारकडून भाडेपट्ट्याने ती जागा मिळाली आहे, यानेही फरक पडतो. आणि दप्तर पावसातून, वाळवीतून आणि पुरातून वाचले आहे का, हा प्रश्न कोकणात नेहमीच असतो. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात घरोघरचे आणि संस्थांचे कागद कसे गेले, हे त्या भागातल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

माझी पद्धत अशी आहे की कागदांकडे जाण्यापूर्वी मी इमारतच नीट वाचतो. त्याचे कारण साधे आहे. कागदात ‘शाळागृह’ एवढेच लिहिलेले असते; ते शाळागृह म्हणजे आज उभी असलेली हीच वास्तू की तिच्या जागी पूर्वी असलेली दुसरी, हे कागद सांगत नाही. इमारतीची रचना आधी समजली असेल तर कागदातील वर्णन तिच्याशी ताडून पाहता येते. वाचताना एक नियम पाळावा: जी वस्तू सहज बदलता येते तिच्यावरून इमारतीचे वय ठरवू नये. जोते आणि भिंती सर्वांत सावकाश बदलतात, त्यानंतर छपराचा सांगाडा. कौले, गिलावा, फरशी, दारेखिडक्या या दर पिढीला बदलू शकणाऱ्या वस्तू आहेत. आपल्याकडे मात्र उलटे होते. साल कोरलेले सापडते ते नेमके बदलत्या वस्तूंवर, आणि म्हणून त्यांच्यावरच भर दिला जातो.

भिंतीपासून सुरुवात करा. पडवीच्या आतल्या बाजूला, जेथे गिलाव्याचे पोपडे सुटले आहेत, तेथे चिऱ्यांचे थर दिसतात का ते पाहा. हाताने तासलेल्या चिऱ्याच्या अंगावर हत्याराचे तिरके, कमी-जास्त खोलीचे घाव असतात आणि दोन चिऱ्यांची उंची काटेकोर सारखी नसते. यंत्राने कापलेल्या चिऱ्याची बाजू सपाट असते आणि तीवर करवतीच्या वर्तुळाकार रेघा उमटलेल्या असतात. यंत्राचा चिरा अगदी अलीकडच्या दशकांतला, त्यामुळे तेवढा भाग नंतरचा हे तत्काळ कळते. नंतर भिंतीतील उभे सांधे शोधा. एकाच वेळी बांधलेल्या भिंतीत प्रत्येक थराचा चिरा खालच्या सांध्यावर बसवून सांधमोड केलेली असते. एखाद्या ठिकाणी जोत्यापासून वळचणीपर्यंत सरळ उभी रेघ दिसली, तर तेथे एक इमारत संपून दुसरी तिला येऊन टेकली आहे असे समजावे. लांबलचक शाळाघरांत अशी रेघ फार वेळा सापडते: मध्ये तीन-चार खोल्यांचे मूळ घर आणि दोन्ही बाजूंना नंतर वाढवलेले वर्ग. पडवीची भिंत मुख्य भिंतीत गुंफलेली आहे की नुसती टेकलेली आहे, हेही असेच पाहावे. एका तालुक्याच्या गावी ‘एकसंध ब्रिटिशकालीन’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या शाळेच्या भिंतीत मला असे दोन सरळ सांधे मिळाले होते. म्हणजे ती इमारत तीन टप्प्यांत वाढली होती, आणि फलकावरचे साल त्यांपैकी शेवटच्या टप्प्याचे होते. तेथे खरा मधला गाभा फलकाहून जुना निघाला. शोधाने वय नेहमी कमीच होते असे नाही, हे संस्थाचालकांना अवश्य सांगा.

दरजेतला, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यातला, चुनाही बोलका असतो. किनाऱ्यालगतच्या जुन्या बांधकामात शिंपल्या भाजून केलेला चुना वापरत, आणि त्यात न भाजलेले शिंपल्यांचे पांढरे तुकडे नुसत्या डोळ्यांना दिसतात. नखाने किंवा खिळ्याने खरवडल्यावर तो भुसभुशीत सुटतो. करडा, टणक, खरवडल्यास जेमतेम रेघ उमटणारा माल दिसला तर तो सिमेंटचा आहे. हिंदुस्थानात सिमेंटचे व्यापारी उत्पादन यशस्वीपणे सुरू झाले ते १९१४ साली, पोरबंदरला. त्यापूर्वीचे सिमेंट परदेशातून येई आणि ते तालुक्याच्या गावातील साध्या इमारतीत सहसा वापरले जात नसे. दरजा मुळात चुन्याच्या आणि वरून सिमेंटने भरलेल्या, असेही आढळते. म्हणून वरचा थर पाहून निकाल देऊ नका, बोटभर आत पाहा. वाळलेल्या पोपड्याखालीच पाहावे, चांगला गिलावा मुद्दाम फोडू नये.

माळ्याला किंवा पडवीला लोखंडी तुळया असतील तर त्यांच्या उभ्या पट्टीवरचे रंगाचे थर हळूच खरवडून नाव वाचा. इंग्लंडमधील डॉर्मन लाँग या पोलाद कंपनीचे नाव पुष्कळदा मिळते, टाटांचेही मिळते. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून पोलाद निघू लागले १९१२ मध्ये, तेव्हा टाटांची तुळई त्याआधीची असूच शकत नाही. अर्थात ती तुळई मूळ बांधकामाबरोबर बसवली की कुजलेली सागवानी तुळई काढून तिच्या जागी घातली, हे तिच्या टेकूपाशी पाहून ठरवावे लागते. चिऱ्यात मुळापासून खाच ठेवली असेल तर कडा स्वच्छ असतात. नंतर फोडून बसवली असेल तर भोवती विटांचे तुकडे आणि वेगळा माल भरलेला दिसतो. फरशी रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्यांची असेल आणि एखाद्या सुट्या लादीच्या पाठीवर ‘भारत’ हे नाव सापडले, तर ती कंपनी १९२२ ची आहे एवढे लक्षात ठेवा.

सर्वाधिक माहिती मला छपराच्या सांगाड्यातून मिळते, आणि आपल्याकडे नेमका तोच लवकरच उघडा पडणार आहे. मंगळुरी कौलांना सुमारे फूटभर अंतरावर रिपा, म्हणजे वाशांवर आडव्या मारलेल्या लाकडी पट्ट्या, लागतात, कारण कौलाच्या खालच्या अंगाचा उंचवटा रिपेवर अडकतो. त्यापूर्वी कोकणात जी नळीची कौले असत, ती कुंभाराने हाताने केलेली, लहान आणि अर्धगोल, आणि त्यांच्याखाली रिपा किंवा बांबूच्या कामट्या खूप जवळजवळ मारलेल्या असत. म्हणून कौले उतरल्यावर वाशांच्या वरच्या कडेकडे लक्ष द्या. सध्याच्या रिपांच्या खिळ्यांखेरीज मधल्या जागेत, दर काही बोटांवर, जुन्या खिळ्यांची रिकामी भोके किंवा दोरीने बांधल्याचे घासलेले वळ दिसले, तर या वाशांवर आधी नळीची कौले होती हे जवळजवळ सिद्ध होते. त्याचा अर्थ असा की छपराचा सांगाडा मंगळुरी कौलांहून जुना आहे. वासे जुने आहेत, पण ती भोके मुळीच नाहीत, तर छपराचा सांगाडा पहिल्यापासूनच मंगळुरी कौलांचा, आणि म्हणून १८६५ नंतरचा. आपल्या प्रश्नाला याहून थेट उत्तर देणारा पुरावा दुसरा नाही, आणि तो एका दिवसाच्या कामात कायमचा नाहीसा होऊ शकतो. खिळेही ठेवून द्या: लोहाराने घडवलेला चौकोनी, टोकाकडे निमुळता खिळा आणि तारेचा गोल खिळा हे वेगवेगळ्या काळांचे असतात.

कौले तपासताना पूर्वेकडच्या पाखीवर, म्हणजे छपराच्या उतारावर, अधिक वेळ द्या. मृगापासून पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून असतो, म्हणून पश्चिमेची पाखी वरचेवर चाळली जाते आणि तिच्यावर नवी कौले चढत राहतात. जुनी कौले तग धरतात ती पूर्वेच्या उतारावर. नुसते एक कौल उचलून ठसा वाचू नका. निरनिराळ्या भागांतली कौले उलटून कोणत्या कारखान्याची किती आहेत याची सरळ मोजणी करा. निम्म्याहून अधिक कौले एकाच ठशाची निघाली तर ते छपराचे मूळ आच्छादन असण्याचा संभव वाढतो. दहा ठसे मिसळलेले असतील तर ते छप्पर दुरुस्तीचे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर चिपळूण-रत्नागिरी पट्ट्यातल्या अनेक जुन्या घरांची, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड भागातल्या असंख्य छपरांची डागडुजी झाली. तेव्हा आपल्या इमारतीवर त्या सुमारास काय काम झाले हे जुन्या शिपायांना आणि गावातल्या सुतारांना विचारा. ही माणसे अचूक सांगतात, कारण ते काम त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी स्वतः केलेले असते.

आता कागद. पहिला कागद आपल्या संस्थेच्याच कपाटात असेल. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आल्यावर संस्थांना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागली आणि त्या नोंदणीच्या परिशिष्टात स्थावर मालमत्ता लिहावी लागली. संस्था त्याहून नवी असली तरी तिला ही इमारत ज्या विश्वस्त संस्थेकडून मिळाली तिची नोंद पाहता येते. दुसरा कागद म्हणजे संलग्नतेच्या वेळचा विद्यापीठाच्या स्थानिक चौकशी समितीचा अहवाल. त्यात खोल्या किती, लांबीरुंदी किती, छप्पर कसले, हे लिहिलेले असते. तो अहवाल शोधताना महाविद्यालय सुरू होताना ज्या विद्यापीठाशी संलग्न होते तेथे विचारणा करावी. विद्यापीठांची कार्यक्षेत्रे पुढे बदललेली असू शकतात.

त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालय. गावठाणात नगर भूमापन झाले असेल तर मालमत्ता पत्रक आणि चौकशी नोंदवही मिळेल. नसेल तर सातबारा आणि त्यावरून मागे मागे जाणारे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी. एकेक फेरफार उलगडत गेलात की जागा कोणाकडून कोणाकडे आली हे स्पष्ट होते, आणि बहुतेक वेळा ‘इंग्रजांनी बांधली’ या समजुतीच्या जागी एखाद्या स्थानिक कुटुंबाचे किंवा शाळेच्या वर्गणीदारांचे नाव उभे राहते. जुने फेरफार मोडीत असतील, तर मोडी वाचणाऱ्या जाणकाराची मदत घ्या, अंदाजाने वाचू नका. सालांबाबतही सावध राहा. कागदात किंवा कोनशिलेवर शक असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन येतो, पण जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. नगरपालिका जुनी असेल तर घरपट्टीची आकारणी पुस्तके अवश्य मागा. एका वर्षी एकाएकी कर वाढलेला दिसला की बहुधा त्या वर्षी बांधकाम वाढलेले असते. इमारत एके काळी सरकारी होती असे निघाले, तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इमारत नोंदवहीत बांधकामाचे वर्ष आणि खर्च सापडू शकतो. तेथे माहितीच्या अधिकाराचा अर्ज नेमक्या शब्दांत, जागेच्या भूमापन क्रमांकासह करावा.

छापील साधनांत मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८० सालचा आहे, आणि त्यात गावागावांतील शाळा, कचेऱ्या, बंगले यांची माहिती येते. आपल्या गावाच्या नोंदीत १८८० मध्ये ही इमारत नसेल तर त्यावरून ती नव्हतीच असे सिद्ध होत नाही. पण तेथे शाळेच्या जागेचे वर्णन असेल आणि ते आपल्या इमारतीशी जुळत नसेल, तर तो विचार करण्यासारखा पुरावा आहे. १९६२ च्या सुधारित गॅझेटियरशी त्याची तुलना करा. त्याहून खोल जायचे असेल तर मुंबईला राज्याच्या पुराभिलेख संचालनालयात शिक्षण, महसूल आणि बांधकाम खात्यांची दप्तरे आहेत. हे संचालनालय वर उल्लेखिलेल्या एल्फिन्स्टनच्या इमारतीतच आहे. तेथे जाण्यापूर्वी मात्र इमारत मूळची कोणाची याचा अंदाज हाती हवा, कारण खाते ठाऊक नसताना तेथे शोधणे फार वेळखाऊ होते.

टिळकांच्या आठवणीविषयी. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरी शहरातला; १८६६ मध्ये वडिलांची बदली झाल्यावर कुटुंब पुण्याला गेले. म्हणजे त्यांचे कोकणातले शिक्षण वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतले आहे. आपली इमारत रत्नागिरी शहराबाहेर आहे, आणि ती त्या काळी उभी होती याचा पुरावाही अजून हाती नाही. या दोन गोष्टींपुढे ती आठवण टिकणे कठीण आहे. तरीही ती सांगणाऱ्या वृद्धांना खोटे पाडू नका. अशा आठवणीमागे पुष्कळदा खरी घटना असते, फक्त माणूस किंवा साल बदललेले असते: एखाद्या राष्ट्रीय चळवळीच्या सभेसाठी तेथे कोणी आले असेल, किंवा तेथे शिकवणारा एखादा मास्तर टिळकांचा अनुयायी असेल. आठवण जशीच्या तशी, सांगणाऱ्याच्या नावानिशी आणि तारखेनिशी लिहून ठेवा. ती फलकावर मात्र घालू नका.

प्रयोगशाळेत लाकडाची कार्बन चाचणी करावी असेही काही जण सुचवतील. इतक्या अलीकडच्या काळासाठी त्या चाचणीचे उत्तर दीडदोनशे वर्षांच्या पट्ट्यात पसरते, त्यामुळे आपल्या प्रश्नासाठी तिच्यावर पैसे खर्च करू नयेत. त्याहून चांगला उपाय म्हणजे साल निश्चित माहीत असलेल्या जवळच्या इमारतींशी तुलना. रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० च्या सुमारास पुरा झाला, पतितपावन मंदिर १९३१ चे. शक्यतो आपल्याच गावातली, आपल्या इमारतीएवढीच साधी आणि साल ठाऊक असलेली एखादी वास्तू शोधा. राजवाड्याचे काम आणि शाळेचे काम यांत मुळातच अंतर असते.

सर्वांत तातडीची गोष्ट छपराची आहे, आणि येथे मी आपल्याला आग्रहाने सांगतो. कौले उतरवण्याच्या आधी प्रत्येक पाखीची छायाचित्रे घ्या. उतरवताना पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची कौले वेगळी रचा, प्रत्येक प्रकारच्या ठशाची दोन-चार साबूत कौले महाविद्यालयात जपून ठेवा, आणि सांगाडा उघडा झाला की पत्रे चढण्यापूर्वी निदान दोन दिवस काम थांबवून वासे, सांधे आणि खिळे यांची नोंद करा. छायाचित्रात मोजपट्टी ठेवा. ठेकेदाराला हे आधी लेखी कळवा, नाहीतर कौले विकली जातील आणि जुने वासे जळाऊ म्हणून जातील. पत्रेच घालावेत का, याबद्दल माझे मत वेगळे आहे: पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या गावात गळती बहुतेकदा कौलांची नसते, ती कुजलेल्या रिपांची आणि सरकलेल्या कौलांची असते. रिपा बदलून, कौले चाळून आणि तुटलेली बदलून तेच छप्पर पुन्हा कित्येक वर्षे चालते. तसेच भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा देण्याचे ठरत असेल तर ते थांबवा. जांभा सच्छिद्र आहे; तो पाणी घेतो आणि सोडतो. सिमेंटने त्याचे तोंड बंद केले की ओल आत कोंडते, आणि चुन्याच्या दरजा आतून सुटू लागतात.

राहिला फलक. शोध पूर्ण होईपर्यंत वर्धापनदिनाला थांबवता येणार नाही हे मी समजू शकतो. तेव्हा संगमरवराऐवजी सध्या साधा रंगवलेला फलक लावा आणि त्यावर जे सिद्ध आहे तेवढेच लिहा: महाविद्यालयाची स्थापना अमुक साली, ही वास्तू त्यापूर्वीची, जांभ्याच्या चिऱ्यांची, तिच्या छपरावर मंगळूरच्या बासेल मिशन कारखान्याची कौले आहेत. भिंतींचे टप्पे आणि जागेचे फेरफार स्पष्ट झाले की त्यात प्रत्येक टप्प्याचे साल स्वतंत्रपणे घालता येईल, आणि ज्या कुटुंबाने किंवा वर्गणीदारांनी ती बांधली त्यांची नावेही. छपराचे काम कोणत्या तारखेला सुरू होणार आहे, पडवीची भिंत मुख्य भिंतीत गुंफलेली आहे की टेकलेली, आणि वाशांवर जुनी भोके आहेत का, हे तीन तपशील छायाचित्रांसह येथेच कळवा. त्यांवरून पुढे कोणते दप्तर आधी पाहावे हे मला अधिक नेमकेपणाने सांगता येईल.